घरात सोसायटीचा थकबाकीदार असला की बचत गटाचंही कर्ज अडतं का?

गटाची सचिव:

नमस्कार. आमचा बारा जणींचा महिला बचत गट आहे, उमेदला (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) जोडलेला, तीन वर्षं झाली. महिन्याला दोनशे रुपये बचत, वह्या मीच लिहिते. बँकेचं पहिलं कर्ज दीड लाखाचं होतं, ते पूर्ण फेडलं, एक हप्ता सुद्धा उशिरा गेला नाही. बचत आणि आपसातल्या कर्जाचं व्याज धरून गटाचा निधी आता लाखाच्या वर गेलाय. तर दुसरं कर्ज चार लाखाचं मागितलं, आणि बँकेतले साहेब म्हणाले की तुमच्यातल्या चौघींच्या घरी सोसायटीचं (शेतकऱ्यांना पीक कर्ज देणारी गावची सहकारी संस्था) कर्ज थकलंय, आधी ते भरा मग या. त्या चौघींत मी पण आहे.

माझ्या सासऱ्यांचं पीक कर्ज थकीत आहे. चार एकर जमीन, सगळी त्यांच्याच नावावर, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा. आधी दरवर्षी मार्चला नवं-जुनं (जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं) करून घ्यायचे, मग एका दुष्काळात ते जमलं नाही आणि तिथून अडकलं. २०१९ च्या कर्जमाफीत बसलो नाही कारण व्याज धरून रक्कम दोन लाखाच्या वर गेलेली. माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यामुळे सोसायटी मला उभं करत नाही.

आता गावात मायक्रोफायनान्सवाल्या (छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीच्या) मॅडम येतात, चार दिवसात पन्नास हजार देतात. आमच्यातल्या दोघींनी घेतलं पण. बाकीच्या म्हणायला लागल्यात की गट मोडू, बचत वाटून घेऊ आणि सरळ तिकडंच जाऊ. मला गट मोडू द्यायचा नाहीये, पण त्यांना सांगू काय? पेरणी तोंडावर आली, पैसे तर सगळ्यांनाच लागतात. बँकेचं म्हणणं बरोबर आहे का? आणि आमच्यासारख्यांनी सोसायटीच्या मागं लागावं का गटाच्या? ज्यांना आतलं माहिती आहे त्यांनी प्लीज नीट सांगा.

बँक सखी:

ताई, मी बँक सखी, बचत गटांना बँकेच्या कामात मदत करते. आधी सरळ उत्तर देते, बँकेचं म्हणणं बरोबर नाही. रिझर्व्ह बँकेच्या स्वयंसहायता गटांच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की काही सदस्य किंवा त्यांच्या घरचे कर्ज देणाऱ्या बँकेचे थकबाकीदार असले तरी तेवढ्यावरून गटाचं कर्ज सहसा अडवू नये, गट स्वतः थकबाकीत नसला म्हणजे झालं. अट एकच, जी सदस्य स्वतः त्या बँकेची थकबाकीदार आहे तिला त्या पैशातून कर्ज द्यायचं नाही. आता तुमचं बघा, तुम्ही थकबाकीदार नाही, सासरे आहेत, आणि ते पण त्या बँकेचे नाहीत, सोसायटीचे. म्हणजे नियमानं तर कुठंच अडत नाही.

दुसरं म्हणजे चार लाख तुम्ही जास्त मागितलेले नाहीत. दीनदयाळ अंत्योदय योजनेतल्या, म्हणजे तुमच्या उमेदच्या, गटाला पहिलं कर्ज निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, दुसरं निधीच्या आठपट किंवा किमान तीन लाख, दोन्हीत जे जास्त ते. तुमचा निधी लाखाच्या वर आहे म्हणजे आठ लाखापर्यंत हिशोब जातो. दहा लाखापर्यंत तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर होल्ड लावायचा नाही, आधी मुदत ठेव करा असं म्हणायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण सासऱ्यांचा मुद्दा सुटला की पुढं एफडीचा मुद्दा काढतात, मी स्वतः बघितलंय. महिला गटाला तीन लाखापर्यंत व्याज ७ टक्क्यानं.

तोंडी बोलून परत येऊ नका. गटाचा ठराव, सूक्ष्म पत आराखडा (कोणती ताई किती घेणार, कशासाठी, कसं फेडणार), मागच्या कर्जाचा खाते उतारा, शेवटच्या सहा महिन्यांच्या बैठकीच्या नोंदी असा संच लावून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा तिथंच विषय मिटतो. नाही मिटला तर तालुक्याच्या उमेद कार्यालयातून जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडं (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय बघणारे) पत्र न्या, त्यांचं कामच ते आहे.

निवृत्त गटसचिव:

बँक सखी ताईंनी गटाचं व्यवस्थित सांगितलंय. मी सोसायटीच्या बाजूचं सांगतो, गटसचिव म्हणजे सोसायटीचा सचिव, नोकरी त्यातच गेली माझी.

पहिली गोष्ट, सोसायटी वाईट आणि गट चांगला असं धरून चालू नका. सोसायटीतून पीक कर्ज फार स्वस्तात मिळतं. आपल्या राज्यात तीन लाखापर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं, केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली राज्याची सवलत मिळून. एकरी किती द्यायचं ते जिल्ह्याची तांत्रिक समिती पिकावर ठरवते, उसाला वेगळं, सोयाबीनला वेगळं. आणि फेड वर्षातून एकदा, माल विकल्यावर. शेतकऱ्याच्या घरात पैसा जसा येतो तशी ही रचना आहे आणि ती कुणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही. १८७५ ला सुप्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, नगर-पुणे भागात दंगे झाले, त्यानंतर पुढं १९०४ ला पतसंस्थांचा कायदा आला. तरी १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत, गोरवाला समितीची ती, शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा साधारण ३ टक्केच निघाला, बाकी बहुतेक सावकार. तिथून गावोगाव सोसायटी उभी राहिली. म्हणून मला वाईट वाटतं जेव्हा लोक म्हणतात सोसायटी बंद पडली तर पडू दे. गावातून ती उठली तर तिच्या जागी कोण येऊन बसतं ते ताईंच्या प्रश्नातच लिहिलंय.

पण तिचं दुखणं सुद्धा सांगतो. सोसायटीचं कर्ज जमिनीच्या मागं चालतं. सातबारा, आठ-अ, बोजा. ज्याच्या नावावर जमीन तो सभासद. शेतात राबणारी सून, खंडानं करणारा, मजूर, हे त्यात कुठंच नाहीत. आणि घरात एक खातं अडकलं की सगळं घर अडकतं, कारण जमीन एकाच्याच नावावर. ताई तुमच्याकडं नेमकं हेच झालंय.

नवं-जुनं हा प्रकार तर मी इतका जवळून बघितलाय की काय सांगू. मार्च संपताना सभासद कुठून तरी चार दिवसासाठी हातउसने पैसे आणतो, बरेचदा सावकाराकडूनच, सोसायटीत भरतो, नवीन कर्ज उचलतो आणि सावकाराला परत देतो. कागदावर वसुली झाली, बँक खूश, संस्था खूश, सभासदाच्या हातात मात्र बियाण्यापुरते सुद्धा उरत नाहीत. आणि एक वर्ष ते चुकलं की शून्य टक्का जातो, व्याज लागतं, पुढचं कर्ज बंद, मग सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. तुमच्या सासऱ्यांनी आळस केला म्हणून हे झालेलं नाही, पीक गेल्यावर त्याच वेळी कर्जाचं पुनर्गठन (मुदत वाढवून हप्ते नव्यानं बांधून देणं) व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही.

आता करायचं काय. सासऱ्यांना घेऊन संस्थेत जा आणि कर्ज खात्याचा पूर्ण उतारा मागा, मुद्दल किती, व्याज किती, कधीपासून. बहुतेक घरात आकडाच नक्की माहिती नसतो, फक्त भीती असते. मग जिल्हा बँकेची (सोसायटीला पैसा तिथूनच येतो) एकरकमी परतफेड किंवा सामोपचार योजना चालू आहे का ते विचारा, त्यात व्याजात सूट मिळते आणि खातं मोकळं झालं की सासरे परत शून्य टक्क्याला पात्र होऊ शकतात. फक्त योजनेत बसल्यावर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) आणि सातबाऱ्यावरचा बोजा कमी झाल्याची नोंद हातात पडेपर्यंत पाठ सोडू नका, कितीतरी लोक पैसे भरून घरी जातात आणि बोजा तसाच राहतो. माफी येईल म्हणून थांबायचं का हा ज्याचा त्याचा निर्णय, पण तुम्ही स्वतः अनुभवलंय की थांबता थांबता व्याज वाढून रक्कम अटीच्या बाहेर जाते.

रोखठोक:

सगळं बरोबर आहे पण थोडं जमिनीवरचं बोलू. माझी आई दहा-बारा वर्षं गटात आहे. दोनशे रुपये बचतीवर मिळतं किती? दहा हजार, पंधरा हजार. त्यात पेरणी होत नाही का आजारपण निघत नाही. बँकेचं कर्ज मंजूर व्हायला तीन महिने, तोपर्यंत पेरणी होऊन जाते. मायक्रोफायनान्सवाला दारात येतो, आधार पॅन बघतो, पैसे खात्यावर. गरज तिथं भागते म्हणून बायका तिकडं जातात, त्यांना काही कळत नाही म्हणून नाही जात. आणि अजून एक, गटातून बाईच्या नावावर उचललेलं कर्ज वापरतो कोण? बऱ्याच घरात नवरा नाहीतर पोरगा. फेडायला मात्र ती. हे पण कुणीतरी लिहा.

बँक सखी:

दादा तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. गटाचं कर्ज उशिरा मिळतं हे तर आमचं रोजचं भांडण आहे, म्हणून मी गटांना सांगते की पेरणीच्या पैशासाठी मे महिन्यात बँकेत जाऊ नका, अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच पडला पाहिजे. आणि नवऱ्यानं वापरायचं हे थांबवणं अवघड आहे, पण निदान आराखड्यात कर्ज कशासाठी ते लिहिलेलं असेल, वस्तू घेतल्याची पावती बैठकीत दाखवायचा नियम असेल तर बाईला घरात सांगायला आधार राहतो, "गटात विचारतात" असं म्हणता येतं तिला. मी हे वाक्य कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय आणि त्याची ताकद लहान नाही.

पण मायक्रोफायनान्सचा हिशोब बायकांसमोर मांडायलाच पाहिजे, कारण तिकडं सुद्धा दहा जणी गोळा करून "गट" म्हणतात आणि बायकांना वाटतं हा पण बचत गटच. तो बचत गट नाही. तिथं बचत नाही, निधी नाही, वही नाही, फक्त एकमेकींची जबाबदारी घेतलेली असते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात, शेजारणी शेजारणींत वैर होतं.

व्याजाचं उदाहरण देते. गटातून दहा हजार घेतले, महिना दोन टक्के, दहा महिन्यात फेडायचे, दर महिन्याला हजार मुद्दल. पहिल्या महिन्याला व्याज २०० रुपये, दुसऱ्याला १८०, असं उतरत शेवटी २०. एकूण व्याज ११००. आता हाच दोन टक्के कुणी सरळ व्याजानं लावला, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावर पण व्याज, तर दहा महिन्याचे २००० होतात. दर तोच आणि व्याज जवळजवळ दुप्पट. म्हणून कुठंही सही करताना "टक्के किती" याच्या पुढं जाऊन "एकूण परत किती द्यायचे" ते विचारा. आणि गटातले ते ११०० कुठं जातात? गटाच्याच निधीत, बारा जणींच्या मालकीचे. उद्या त्याच निधीच्या आठपट कर्ज मिळणार. कंपनीला दिलेलं व्याज परत कधी दिसत नाही.

हप्त्याचं पण बघा. आठवड्याला किंवा पंधरा दिवसाला हप्ता द्यायचा तर रोजचं उत्पन्न पाहिजे, दुकान असेल, दूध असेल तर जमतं. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, जूनमधे घेतलेल्या कर्जाचा हप्ता जुलैत कुठून देणार? मग दुसऱ्या कंपनीचं उचलून पहिलीचा हप्ता भरतात आणि तिथून चक्र सुरू होतं. २०१० ला आंध्रात याच चक्रात किती कुटुंबं सापडली, त्यानंतर रिझर्व्ह बँकेला नियम करावे लागले. आजचा नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत आणि असल्या कर्जाला तारण घेता येत नाही. वसुलीला येऊन शिवीगाळ करणं, धमकावणं हे तर चालतच नाही. ज्या दोघींनी घेतलंय त्यांना गटातून काढू नका, उलट त्यांचं ते कर्ज लवकर फिटेल असं बघा, गटातून थोडं देऊन का होईना.

गटाची सचिव:

खूप मदत झाली, काल बैठकीत हे दहा हजाराचं गणित फळ्यावर मांडलं तर सगळ्या गप्प झाल्या, आता गट मोडायचं कुणी काढत नाही. अर्ज लेखी देतोय. अजून एक विचारते. मला स्वतःला म्हैस घ्यायची आहे, गटाच्या कर्जातून साधारण साठ-सत्तर हजार माझ्या वाट्याला येतील. पण खुराकाचा खर्च वरचेवर असतो. जमीन नावावर नाही तर त्यासाठी काही मिळतं का? आणि गावातली पतसंस्था म्हणते रोजची ठेव चालू करा, वर्षानं कर्ज देऊ, ते कसं?

आणि सासऱ्यांना एक जण म्हणतोय की जमिनीचं खरेदीखत करून द्या, मी सोसायटीचे पैसे भरतो, तुम्ही सावकाश परत करा. सासरे त्या विचारात आहेत, मला भीती वाटते.

निवृत्त गटसचिव:

ताई शेवटचं आधी. खरेदीखत करून देऊ नका. कुठल्याही परिस्थितीत नाही. तो माणूस ओळखीचा असो, नात्यातला असो. तोंडी "परत करतो" आणि नोंदणी कार्यालयात झालेलं खरेदीखत यात कागदच जिंकतो. आपल्याकडं २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो, पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर. पण त्या चौकशीत वर्षं जातात आणि सावकारी होती हे सिद्ध करताना माणूस थकून जातो. सोसायटीचा बोजा असलेली चार एकर अजून तुमची आहे, खरेदीखतानंतर ती तुमची राहत नाही. सासऱ्यांना हे माझ्यासारख्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकायचं असेल तर ही पोस्ट वाचून दाखवा.

पतसंस्थेचं एवढंच लक्षात ठेवा की बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो, सहकारी बँकेत पण असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. चांगल्या पतसंस्था आहेत, नाही असं नाही, पण ऑडिटमधे मिळालेला वर्ग (अ, ब, क असा) बघितल्याशिवाय आणि वार्षिक अहवाल वाचल्याशिवाय रोजचे पैसे देऊ नका.

दूध संस्थेतला:

म्हशीबद्दल मी सांगतो. किसान क्रेडिट कार्ड आता फक्त पिकाला नाही, पशुपालनाला पण आहे, त्याला सातबारा लागतोच असं नाही, स्वतःचा किंवा भाड्याचा गोठा असला तरी चालतं, बचत गटाला सुद्धा ते घेता येतं. दोन लाखापर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट म्हणजे ४ पडतात. पण हे खेळतं भांडवल आहे, खुराक, चारा, औषधपाणी यासाठी. म्हैस घ्यायला ते नाही. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच, जनावर गटाच्या कर्जातून आणि खुराक कार्डावर. बँकेत काही जण "जमीन नाही तर कार्ड नाही" म्हणतील, तेव्हा पशुधन विकास अधिकाऱ्याकडून जनावराचा दाखला आणि दूध संस्थेचं सभासदत्व दोन्ही जोडा.

आणि सभासद तुम्ही स्वतः व्हा, नवऱ्याच्या नावावर दूध घालू नका. आमच्याकडं बिल दहा दिवसाला होतं, सभासदाची संमती असेल तर बिलातून हप्ता कापून गटाच्या खात्यावर टाकतो, बँकेला ते दाखवलं की कर्ज द्यायला ते घाबरत नाहीत. दूध भरल्याची पावती तुमच्या नावानं वर्षभर साठली की तो तुमच्या उत्पन्नाचा पुरावा झाला. म्हैस घेताना विमा करा, कानातला बिल्ला त्याच दिवशी मारून घ्या. भाकड काळाचा हिशोब आधीच धरा, वर्षातले तीन-चार महिने दूध नसणार, तेव्हा हप्ता कसा देणार ते आराखड्यात लिहा, जमलं तर गटातल्या दोघींनी म्हशी वेगवेगळ्या वेताच्या घ्या म्हणजे एकीचं आटलं तरी दुसरीचं चालू राहतं.

रोखठोक:

हे कार्डाचं मला माहितीच नव्हतं. आईकडं दोन शेळ्या आणि एक गाय आहे, जमीन काकांच्या नावावर. शेळ्यांना पण चालतं का ते?

दूध संस्थेतला:

हो, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, सगळ्याला आहे. रक्कम जनावराप्रमाणे जिल्ह्याची समिती ठरवते, तुमच्या जिल्ह्याचा तक्ता पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात मागा, आणि आई गटात आहे तर गटाच्या नावानं अर्ज करायचा का एकटीच्या ते आधी बँक सखीला विचारून घ्या.